दुरुस्त केलेली वस्तू तीच राहते काय?

पेणहून वडखळ, नागोठणे करीत आणि भिसे खिंड ओलांडून रोह्यास जाणाऱ्या प्रवाशाला वाटेवरची गॅरेजे मुद्दाम थांबून पाहावीत अशी बहुधा वाटणार नाहीत. तथापि त्यांपैकी ज्या थोड्या ठिकाणी चारही चाकांना जोर पोहोचविणाऱ्या जुन्या जीपा आणि हौद्याच्या पिकअप गाड्या दुरुस्तीस येतात, तेथे, कामाच्या घाईत कोणाच्या ध्यानीही न येता, भारतीय दर्शनांतील एका फार जुन्या वादाची सुनावणी रोज चाललेली असते, असे मला वाटत आले आहे. वाद असा आहे की, ज्या वस्तूचे अवयव एकामागून एक बदलत गेले आणि अखेरीस मूळचा एखाददुसराच अवयव शिल्लक राहिला, ती वस्तू तीच म्हणावयाची काय. आणि तीच म्हणावयाची असेल, तर तिचे हे एकत्व नेमके कोठे वास करते?

हा प्रश्न या भागात इतक्या निकडीने उभा राहावा, याला येथील भूमीच कारण आहे. पेणच्या पश्चिमेस खारेपाट पसरला आहे. भरतीचे पाणी खारबंदिस्तीने थोपवून त्यामागे पिढ्यान्‌पिढ्या भात पिकविले गेले, आणि जेथे ते मुद्दाम आत घेतले तेथे मिठागरे झाली. त्या मुलखातल्या चिखलात आणि वाऱ्यात मीठ असते. चासीच्या बंद पोकळीत एकदा शिरलेला तो चिखल लवकर वाळत नाही, आणि लोखंडाला आतून जो गंज चढत जातो तो बाहेरच्या रंगाखाली वर्षानुवर्षे झाकलेला राहतो. पूर्वेला चढत गेले की सह्याद्रीच्या पायथ्याच्या ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या लागतात; तेथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळणाऱ्या पावसात लाल मातीचा चढ असा निसरडा होतो की, केवळ मागच्या दोन चाकांच्या जोरावर चालणारी गाडी जागच्या जागी चाके फिरवीत बसते. म्हणून या गाड्या येथे ठेवणे भाग पडते, आणि ठेवल्या की त्या झिजतात.

त्यांची रचना समजून घेतल्याखेरीज पुढचा विचार अधांतरी राहील. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस नावाची एक पेटी असते. इंजिनाचा जोर तेथे दुभागतो, एक शाफ्ट मागच्या आसाकडे जातो आणि दुसरा पुढच्या आसाकडे. जुन्या जीपमध्ये यासाठी गिअरच्या दांडीखेरीज आणखी दोन लहान दांड्या असत, एक पुढची चाके जोडण्यासाठी आणि दुसरी गती कमी करून जोर वाढविण्यासाठी. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र पुढची चाके जोडून वळण घेणे हितावह नसते. कारण वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठे अंतर तोडतात, आणि दोन्ही आस एकमेकांशी घट्ट जखडलेले असल्यामुळे ही तफावत शाफ्टांत व जॉइंटांत ताण होऊन साठत जाते. चिखलात चाक किंचित घसरते आणि तो ताण सुटतो. जेथे जमीन कच्ची आहे तेथेच या यंत्राला मोकळेपणाने वागता येते, हे मला त्याच्या स्वभावाचे मोठे लक्षण वाटते. आणि स्वभाव या गोष्टीकडे मला पुढे पुन्हा वळावयाचे आहे.

१९४५ साली स्थापन झालेल्या ‘महिंद्र आणि महंमद’ या कंपनीने १९४७ पासून मुंबईत विलिस जीपांची जुळणी आरंभिली. पुढच्याच वर्षी तिचे नाव ‘महिंद्र आणि महिंद्र’ झाले. ‘सीजे-३बी’ या नावाची उंच बॉनेटची जीप, जिच्या इंजिनात आत घेणारे व्हॉल्व्ह माथ्यावर आणि बाहेर टाकणारे कडेला असल्यामुळे ते इंजिन उंच झाले व त्याबरोबर बॉनेटही उंचावले, ती तर सरकारी कचेऱ्यांच्या आणि साहेबांच्या फिरतीच्या स्मृतीशी कायमची निगडित झाली आहे. पेट्रोल महाग वाटू लागले तेव्हा अनेकांनी तिच्यात डिझेल इंजिने बसविली. पुढे खुद्द कंपनीनेच प्यूजोच्या परवान्याची डिझेल इंजिने आपल्या जीपांना दिली. लष्कराच्या लिलावांतून जबलपूरच्या कारखान्यात बनलेल्या जोंगा गाड्या नागरिकांच्या हाती आल्या, त्यांच्याही बाबतीत तेच झाले. सहा सिलिंडरांच्या त्यांच्या पेट्रोल इंजिनाची तहान सामान्य माणसाला परवडण्याजोगी नव्हती. मग स्टिअरिंग बदलले, पुढे डिस्क ब्रेक आले, हौद्याचा पत्रा गंजून गेला म्हणून नवा ठोकला, स्प्रिंगचे पाटे बसले म्हणून नवे भरले. अशा एखाद्या गाडीचा तीस-चाळीस वर्षांचा हिशेब मांडला तर असे दिसते की, मूळच्या गाडीतील चासी, तीही जागोजाग प्लेट मारलेली, तेवढी उरली आहे. तरीही घरातली वडील माणसे तिला दाराशी आलेली पहिली गाडी म्हणूनच ओळखतात, आणि मिस्त्रीही नव्या गिऱ्हाईकाला तिची ओळख करून देताना तिचे जुने वर्षच सांगतात.

या व्यवहाराकडे वैशेषिक दर्शनाचे आचार्य मोठ्या कठोरपणे पाहतील. त्यांच्या मते अवयवांहून निराळा असा अवयवी हा एक सत्य पदार्थ आहे, आणि तो अवयवांच्या संयोगातून उत्पन्न होऊन त्या अवयवांत समवायाने, म्हणजे अतूट संबंधाने, राहतो. परंतु म्हणूनच, संयोग तुटला की तो अवयवीही नष्ट झाला. वस्त्रातून एक तंतू काढला तर जुने वस्त्र संपले आणि उरलेल्या तंतूंचे दुसरेच वस्त्र उत्पन्न झाले. ‘हेच ते’ ही आपली प्रत्यभिज्ञा केवळ सादृश्यामुळे होणारी भ्रांती. ही भूमिका त्यांनी इतक्या निष्ठेने पाळली की, भट्टीत भाजताना मडक्याचा रंग पालटतो तेव्हा ते परमाणूंपर्यंत विघटित होऊन पुन्हा जुळते, असे त्यांना मानावे लागले. पीलुपाकवाद तो हाच. न्यायदर्शनाच्या अनुयायांनी, म्हणजे नैयायिकांनी, त्याला विरोध केला आणि मडके अखंड राहूनच भाजते, असा पिठरपाकवाद मांडला. पेण-रोह्याच्या वीटभट्ट्यांवर विटा भाजणाऱ्या कातकरी कुटुंबांना या वादाची वार्ता नसली, तरी भट्टी लागल्यावर कच्ची वीट आणि पक्की वीट यांची मोजदाद एकाच हिशेबात धरली जाते, म्हणजे व्यवहाराने कौल नैयायिकांना दिला आहे. वैशेषिकांची तर्कशुद्धता मला आदरणीय वाटते. पण ती स्वीकारली तर गाडीचा एक नट बदलताच मालकाला दुसऱ्याची गाडी परत दिली असे म्हणावे लागेल, आणि मग दुरुस्ती या क्रियेलाच काही अर्थ उरणार नाही.

दुसऱ्या टोकाला बौद्ध आहेत. यवनराज मिलिंद आणि भदंत नागसेन यांच्या संवादातील रथाचा दृष्टान्त सर्वश्रुत आहे: आस, चाके, जू, लगाम यांपैकी काहीही रथ नाही, त्यांची बेरीजही रथ नाही, त्यांच्यावेगळाही रथ नाही, रथ हा केवळ व्यवहारासाठी दिलेला शब्द आहे. हा विचार आपल्या या भागाला परका नाही. रोह्याच्या दक्षिणेस मांदाडजवळ कुडे येथे जी बौद्ध लेणी आहेत, त्यांतील एक कऱ्हाडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याने दान दिले, असे तेथील शिलालेख सांगतो. ज्याचा धंदाच लोखंडाचा, आणि ज्याचा माल कोकणातल्या दमट हवेत गंजताना त्याने डोळ्यांनी पाहिला असेल, त्या गृहस्थाला सर्व संस्कार अनित्य आहेत हे सूत्र भिक्षूंकडून समजावून घ्यावे लागले असेल, असे वाटत नाही.

पण नागसेनांचा रथ जितका प्रसिद्ध आहे तितका त्यांचा आंब्याचा दृष्टान्त प्रसिद्ध नाही, आणि माझ्या मते खरा उलगडा तेथे आहे. एक मनुष्य दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरतो आणि पकडला गेल्यावर सांगतो की, याने जे आंबे लावले ते निराळे आणि मी नेले ते निराळे, तेव्हा मी दोषी नाही. राजा मिलिंदच कबूल करतो की तो मनुष्य दंडास पात्र आहे, कारण नेलेले आंबे लावलेल्या आंब्यांपासूनच निपजले. याचा अर्थ असा की, ज्या आचार्यांनी वस्तूचे स्थिर द्रव्य नाकारले त्यांनीही दायित्वाची साखळी नाकारली नाही. अवयव गेले, नाम तेवढे उरले. परंतु त्या नामाला ऋण चिकटलेले आहे, आणि ऋण फिटेपर्यंत नाम पोकळ होत नाही. हाच धागा धरून मी असे म्हणेन की, दुरुस्त होत आलेल्या वस्तूचे एकत्व तिच्या पोटात दडलेल्या एखाद्या अविकारी भागात नसते. तिच्याबद्दल कोणी कोणाला उत्तर देणे लागतो, त्या अखंड उत्तरदायित्वात ते असते. मिस्त्री गाडी ताब्यात घेतात ती तीच गाडी परत करण्याच्या जबाबदारीवर. ती तीच ठेवणे हे त्यांचे कर्तव्य असते, आणि ते कर्तव्य पार पडले म्हणूनच ती तीच राहते.

धर्माच्या क्षेत्रात याचे दोन मोठे दाखले आहेत आणि ते परस्परांच्या विरुद्ध दिशेने जातात. पुरीच्या जगन्नाथाचा नवकलेवर विधी, जो १९९६ आणि २०१५ साली झाला, त्यात जुन्या काष्ठमूर्तीतील ब्रह्मपदार्थ रात्रीच्या अंधारात, डोळे बांधलेल्या सेवकांच्या हातून नव्या मूर्तीत ठेवला जातो. तेथे श्रद्धा अशी की देह पालटला तरी गाभा तोच. पेणला मात्र असा कोणताही गाभा जपला जात नाही. पेण शहरात आणि हमरापूर, जोहे, कळवे या गावांत वर्षभर ज्या मूर्ती घडतात, त्यांत प्राणप्रतिष्ठेने देवत्वाचे आवाहन होते, उत्तरपूजेने त्याची बोळवण होते, आणि माती पाण्याला मिळते. एका वर्षातून दुसऱ्या वर्षात नेण्यासाठी काहीही मागे ठेवले जात नाही. असे असूनही ज्या घरात गणपती येतो त्या घराला विचारावे. दर वर्षी त्याच आसनाची, त्याच सोंडेची, तेवढ्याच उंचीची मूर्ती सांगितलेली असते, आणि ‘आमचा गणपती’ हा शब्द असा उच्चारला जातो की जणू तो कधी विसर्जित झालाच नव्हता. कोकणातील पुष्कळ कुटुंबे आपला पाट कारखान्यात नेऊन देतात आणि मूर्ती त्याच पाटावर करवून घेतात. मूर्ती जाते, पाट घरी येतो, फडताळावर राहतो, पुढच्या वर्षी पुन्हा कारखान्याची वाट धरतो. प्रथमदर्शनी वाटते की एकत्वाचा आधार हा पाट; पण पाटही वाळवीने खाल्ला जातो, त्याचा पाय मोडतो, नवा पाट करावा लागतो, आणि गणपती तरीही तोच राहतो. माती नव्हे, पाटही नव्हे. कुळाचार हा त्याचा खरा आधार. आम्ही तुला दर वर्षी आणू, हे जे कोणा पूर्वजाने एकदा पत्करले ते पुढची पिढी नाकारीत नाही, म्हणून तो तोच.

मला हा पेणचा दाखला पुरीच्या दाखल्याहून अधिक विचारप्रवर्तक वाटतो, आणि हे मी पुरीच्या रहस्याविषयी पूर्ण आदर बाळगून म्हणतो. अविकारी गाभा असला की एकत्व टिकविण्याचे श्रेय गाभ्याकडे जाते, मनुष्याला केवळ वाहकाचे काम उरते. गाभा नसला की सारा भार मनुष्याच्या निष्ठेवर पडतो. गंजणारी गाडी ही या दुसऱ्या, गाभा नसलेल्या जातीची वस्तू आहे. तिच्यात आत्मा आहे असे कोणीही म्हणत नाही, त्यामुळे कठोपनिषदातील रथाचे रूपक, ज्यात शरीर रथ आणि आत्मा रथी, ते येथे लावता येत नाही. येथे रथीही बदलतो. बाप जातो, मुलगा चालवू लागतो. याचाच एक दाखला नौकेचा आहे. १९२० साली रोह्यात जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवले यांच्या स्वाध्याय परिवाराने कोळी समाजात ‘मत्स्यगंधा’ नौकांचा प्रयोग केला. त्या नौकेची मालकी परमेश्वराची, तिच्यावर राबणारे कोळी पाळीपाळीने आपला एकेक दिवस देणारे, आणि आजचे हात उद्या त्या नौकेवर नाहीत. तरीही नौका एकच, कारण तिचे देणे एकच होते. या प्रयोगाकडे लोक भक्ती आणि अर्थकारण या दृष्टीने पाहतात. त्यातले एकत्वाविषयीचे तत्त्वज्ञानही तितकेच पाहण्याजोगे आहे.

कायद्यानेही, आपल्या रुक्ष भाषेत, बहुतांशी हेच ओळखले आहे. रायगड जिल्ह्यातील ज्या वाहनांच्या पाटीवर ‘एमएच ०६’ ही अक्षरे असतात त्यांची नोंद पेणच्या परिवहन कचेरीच्या दप्तरी आहे. त्या दप्तरासाठी गाडीची ओळख म्हणजे चासीवर ठोकलेला क्रमांक. इंजिन बदलले तर नोंदणीच्या दाखल्यात नवा क्रमांक चढवून घ्यावा लागतो. मालक वारला तर वारसाचे नाव चढते. पण चासीचा क्रमांक खोडणे हा गुन्हा आहे. येथे कोणी म्हणेल की कायद्याने चासीलाच गाडीचा आत्मा मानले. मला तसे वाटत नाही. क्रमांकाचा उपयोग काय, हे पाहावे: अपघात झाला तर भरपाई कोणी द्यावी, कर कोणाकडे थकला, कर्ज कोणत्या गाडीवर होते, गुन्ह्यात कोणती गाडी सापडली. लोखंडाच्या त्या पट्टीला महत्त्व आले ते तिच्यावर ही सारी देणी टांगता येतात म्हणून. गाडीतला सर्वांत चिवट भाग तो, म्हणून खुंटी तेथे ठोकली, एवढेच.

आता दुरुस्ती आणि फेरफार यांचा भेद. मोटार वाहन कायदा १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार, नोंदणीच्या दाखल्यातील तपशील आणि निर्मात्याने ठरविलेला मूळ तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हा नियम कडकपणे उचलून धरला. त्याच कलमात अपंग व्यक्तीसाठी वाहन अनुकूल करून घेण्याची मुभा मात्र दिलेली आहे. या अपवादात मला कायद्यापेक्षा मोठे काही दिसते. एखादी वस्तू तिच्या स्वभावाला आणि तिच्यावर विसंबून असलेल्या माणसाच्या गरजेला अनुसरून बदलली, तर ती अधिकच तीच होते. खारेपाटातून भाताची पोती काढणाऱ्या पिकअपला मजबूत पाटे भरले, पायाने क्लच दाबणे ज्याला शक्य नाही त्याच्यासाठी हाताने चालणारी योजना केली, किंवा कुंडलिका नदीच्या काठी कोलाडला रबरी नावा वाहून नेणाऱ्या गाडीच्या हौद्याला साजेशी चौकट बसविली, तर तिचे कर्तव्य तिच्यापासून हिरावले गेले नाही. अवाढव्य टायर मात्र नुसत्या दिमाखासाठी चढविले, की चाकाचा परीघ वाढून गिअरांचे मूळचे गणित बिघडते, आसांवर आणि ब्रेकांवर त्यांच्या ताकदीबाहेरचा भार पडतो, आणि चिखलासाठी जन्मलेले ते यंत्र चिखलाकडे पुन्हा वळतही नाही. अशा गाडीची चासी मूळची असली तरी ती गाडी तीच आहे असे म्हणताना माझी जीभ अडखळते. यंत्रालाही स्वधर्म असतो, आणि त्याच्याविरुद्ध केलेला फेरफार हा सुटा भाग बदलण्याहून खोलवर जाणारा नाश होय.

माझ्या मताविरुद्ध एक सबळ आक्षेप घेता येईल आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. एकत्व जर केवळ उत्तरदायित्वात असेल, तर एका दिवसात सारेच्या सारे भाग बदलून, तोच क्रमांक आणि तोच मालक ठेवून, ‘ही तीच गाडी’ असे का म्हणता येत नाही? ते म्हणता येत नाही हे उघड आहे. तसे करणाऱ्याला आपण लबाड म्हणू. तेव्हा क्रम हा आवश्यकच आहे. नव्या भागाने जुन्या भागांबरोबर काही काळ घालविला पाहिजे, त्यांच्याशी झिजले पाहिजे. डिफरन्शियलमधील क्राउन आणि पिनियन हे दोन गिअर जोडीनेच बदलावे लागतात, हे प्रत्येक मिस्त्री जाणतात. कारण त्यांचे दाते एकमेकांशी घासून जुळविलेले असतात, आणि एक जुना व एक नवा बसविला तर दोघेही आक्रोश करीत लवकर मरतात. अवयवांचे परस्परांशी असे नाते असते, आणि नैयायिकांना जो अवयवी दिसला तो या नात्याच्या रूपाने सत्य आहे, हे मी मान्य करतो. उत्तरदायित्व हे नाते निर्माण करीत नाही, ते त्याचा सांभाळ करते. कुंडलिका नदीच्या बाबतीत हेच म्हणता येईल. भिऱ्याच्या वीजगृहातून मुळशी धरणाचे पाणी तिच्यात येऊन पडते. जे मुळा नदीतून भीमेला आणि पुढे बंगालच्या उपसागराला मिळावयाचे, ते सह्याद्री भेदून रोह्यावरून अरबी समुद्राकडे जाते. भर उन्हाळ्यात रोह्याच्या पुलाखालून वाहणाऱ्या पाण्यात कुंडलिकेचे स्वतःचे असे किती असेल! पण पात्राने ते पाणी आपलेसे केले आहे, काठची गावे त्यावर जगतात, आणि नदी प्रदूषित झाली की तक्रार कुंडलिकेच्याच नावाने होते.

दुरुस्तीलाही मर्यादा आहे. एके दिवशी मिस्त्री चासीवर पाना ठोकून पाहतात, आवाज बद्द येतो, आणि प्लेट मारावयाची तरी कशावर, हा प्रश्न उरतो. मोटार वाहन कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे कायमची निकामी झालेली गाडी चौदा दिवसांच्या आत, किंवा शक्य तितक्या लवकर, कचेरीला कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी लागते. त्यानंतर तिचे शाफ्ट, तिची ट्रान्सफर केस, तिच्या क्राउन-पिनियनची जोडी दुसऱ्या गाड्यांत जाते. पण तिची देणी त्यांच्याबरोबर जात नाहीत. तिने जर कोणाला धडक दिली असेल, तर तिचा गिअरबॉक्स ज्या गाडीत गेला तिच्या मालकाला कोणी जबाबदार धरीत नाही. द्रव्य गेले तेथे ऋण गेले नाही, यावरून या दोहोंपैकी एकत्व कोणाच्या मागे जाते हे ठरविता येते.

सर्वांत अवघड प्रसंग राहतो तो दोन चासी अर्ध्याअर्ध्या कापून वेल्डिंगने जोडण्याचा. पुढचा भाग एका गाडीचा, मागचा दुसरीचा, आणि क्रमांक ज्या बाजूला ठोकलेला आहे त्याच बाजूचा. जोड उत्तम साधला असेल, गाडी चढावर उत्कृष्ट चालतही असेल, आणि कापणाऱ्याचा हेतू चोरीचा नसून केवळ जुने लोखंड वाया जाऊ नये एवढाच असेल. तरीही कायदा तिला मान्यता देत नाही, आणि मला वाटते तो येथे योग्यच करतो. कारण अशा गाडीच्या एका अर्ध्याचे ऋण कोणाच्याच नावावर राहिलेले नसते.